सेकंड इयरचा पहिला रिसर्च: फवारणीच्या गावातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

विदर्भातलं एक सरकारी मेडिकल कॉलेज. जिल्हा सांगत नाही, पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाचा पट्टा आहे एवढं पुरे. मी तेव्हा तिथे पीएसएमला, म्हणजे सामाजिक आरोग्याच्या डिपार्टमेंटला, रेसिडेंट होते. हे प्रकरण सेकंड इयरच्या एका मुलीचं आहे, तिला विचारूनच लिहितेय, आणि तिची किंवा गावाची ओळख पटेल असे तपशील बदललेत.

एक दिवस ती डिपार्टमेंटला आली आणि म्हणाली, "मॅम, मला एसटीएस करायचंय, टॉपिक द्या ना." सगळे असेच येतात. एसटीएस म्हणजे आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) शॉर्ट टर्म स्टुडंटशिप, १९७९ पासून चालू आहे, एमबीबीएस-बीडीएसच्या मुलांनी दोन महिन्यांचा छोटा रिसर्च करायचा, रिपोर्ट द्यायचा, तो पास झाला की सर्टिफिकेट आणि स्टायपेंड, आता ५० हजार रुपये. हॉस्टेलवर राहणाऱ्या, घरून मोजून पैसे येणाऱ्या मुलीसाठी ही रक्कम किती मोठी असते ते मला माहीत आहे, म्हणून "पैशासाठी करते" असं कोणी म्हटलं की मला राग येतो. पैसा हे कारण असू शकतं, त्यात वाईट काही नाही.

तिचे वडील दुसऱ्याच्या वावरात मजुरीने फवारणी करतात. हे तिने पहिल्या भेटीत सांगितलं नाही, चौथ्या-पाचव्या भेटीत सांगितलं.

अडचण

टॉपिक मिळत नव्हता ही तिची तक्रार होती, पण खरी अडचण वेगळी होती. आमच्यासारख्या कॉलेजमध्ये रिसर्च कसा करतात हे मुलांना कोणी जवळ बसवून दाखवत नाही. एमबीबीएसच्या अभ्यासात बायोस्टॅट आहे, एथिक्स आहे, परीक्षेत फॉर्म्युला येतो, पण कन्सेंट फॉर्म हातात घेऊन एखाद्याच्या अंगणात उभं राहिल्यावर काय बोलायचं हे कुठेच नाही. मग मुलं सीनियरचं जुनं प्रपोजल घेतात, गाव बदलतात, वर्ष बदलतात आणि सही घेऊन पाठवून देतात.

दुसरं म्हणजे गाईड. एका गाईडला एकच एसटीएस विद्यार्थी पाठवता येतो, त्यामुळे नावाजलेल्या प्रोफेसरांकडे आधीच गर्दी. ती दोन मोठ्या सरांकडे जाऊन आली. एकांनी आधीच कोणाला तरी हो म्हटलं होतं, दुसऱ्यांनी सांगितलं, "तू लिहून आण, मी सही करतो." ती खूश होती. मला ते ऐकूनच बरं वाटलं नाही, कारण न वाचता सही करणारा गाईड पुढे अडचण आली की फोन उचलत नाही.

समोर असलेले पर्याय

शेवटी आमच्याच डिपार्टमेंटचे एक असिस्टंट प्रोफेसर तयार झाले. नाव मोठं नाही, पण दर आठवड्याला एक संध्याकाळ ते तिच्यासोबत बसायचे. त्यांनी तिला चार पर्याय कागदावर लिहायला लावले.

पहिला, एमबीबीएसच्या मुलांमधला ताणतणाव, गुगल फॉर्म फिरवायचा, चार दिवसांत डेटा. सगळ्यात सोपा. पण हा दर वर्षी कोणीतरी करतंच, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवलेला फॉर्म कोण भरतं आणि कोण नाही हे कधी कळत नाही.

दुसरा, हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड सेक्शनमधून कीटकनाशकाच्या विषबाधेचे केसपेपर काढायचे. हाही करण्यासारखा होता. पण दवाखान्यापर्यंत पोचतात ते जास्त गंभीर झालेले, आणि त्यातले किती फवारताना बाधलेले, किती जण स्वतःहून प्यालेले, हे प्रत्येक पेपरवर नीट लिहिलेलंच असेल असं नाही.

तिसरा, फवारणाऱ्यांच्या रक्तातलं कोलिनेस्टेरेज, म्हणजे काही कीटकनाशकांमुळे दबणारं एन्झाइम, तपासायचं. तिला हाच हवा होता, कारण त्यात लॅब आहे आणि ते 'खरं' रिसर्च वाटतं. सरांनी शांतपणे समजावलं की माणसामाणसांत या एन्झाइमची पातळी मुळातच खूप कमी-जास्त असते, फवारणीच्या हंगामाआधीची त्याच माणसाची पातळी हातात नसेल तर नंतरच्या आकड्याचा अर्थ लावणं अवघड, आणि दोन महिन्यांत, बिनपैशात, गावातून सँपल थंड ठेवून आणणं तिला झेपणारं नाही.

चौथा, एकाच गावात, घरोघरी जाऊन, फवारणी करणाऱ्यांना विचारायचं की काय वापरता, अंगावर काय घालता, फवारल्यावर काय होतं आणि झालं की कुठे जाता.

ती म्हणाली, "सर, एका गावाचं काय रिसर्च होणार?" तेव्हा सरांनी डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा १९८९ चा लॅन्सेटमधला पेपर काढून दिला. गडचिरोलीतली दोन गावं, ६५० बायका, आणि त्यातल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा काही ना काही त्रास. खेड्यातल्या बायकांच्या या दुखण्याकडे जगाचं लक्ष गेलं ते दोन गावांमुळे. ती तो पेपर रात्री घेऊन गेली आणि सकाळी येऊन म्हणाली, "चौथा करू." वडिलांचं तेव्हाच सांगितलं.

विषय फवारणीचाच का, हे आमच्याकडे वेगळं सांगावं लागत नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो ॲडमिट झाले, सरकारला एसआयटी, म्हणजे विशेष तपास पथक, नेमावं लागलं. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, फवारा खाली पडायच्या ऐवजी तोंडावर येत होता, दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली, आणि अंगात रोजचाच सदरा. ती तेव्हा शाळेत होती, पण तिला ते सगळं आठवतं.

काय केलं

प्रपोजल लिहिलं, पाठवलं. निकाल लागला, यादीत तिचं नाव नव्हतं.

हा पहिला खरा निर्णयाचा क्षण. बहुतेक मुलं इथे फाईल बंद करतात आणि मी त्यांना दोष देत नाही. तिच्यासमोर तीन रस्ते होते: सोडून द्यायचं, पुढच्या वर्षी परत पाठवायचं, किंवा पैशाशिवाय करायचं. ती दोन दिवस काहीच बोलली नाही. मग तिने विचारलं की खर्च नक्की किती येईल, आणि आम्ही बसून मोजला तर तो झेरॉक्स आणि एसटीचं भाडं एवढाच होता, कारण डेटा भरायला एपी इन्फो नावाचं सॉफ्टवेअर तेव्हा फुकट मिळत होतं आणि फॅमिली अडॉप्शनच्या, म्हणजे मुलांनी गावातली कुटुंबं दत्तक घेण्याच्या, निमित्ताने कॉलेजची गाडी महिन्यातून काही वेळा त्या गावाला जातच होती. एथिक्स कमिटीकडे मात्र पैसे असोत नसोत, जावंच लागतं. विद्यार्थ्याचा छोटा सर्व्हे आहे, चालून जाईल, असं एकाने सुचवलंही, पण सर ठाम राहिले आणि ते बरोबर होतं.

कमिटीची मीटिंग लांबली. इकडे पऱ्हाटी वाढत होती. जुलै गेला. प्रश्न आला तो योग्य आला: गावाला लागून कोलाम आदिवासींचा पोड, म्हणजे त्यांची वस्ती आहे, त्यांच्यासाठी माहितीपत्रक कोणत्या भाषेत? आमच्याकडे फक्त मराठी होतं. पोडावरची म्हातारी माणसं आपसात कोलामी बोलतात, आणि आयसीएमआरच्या २०१७ च्या एथिकल गाईडलाइन्समध्ये आदिवासी समूहांबाबत जास्तीची काळजी घ्यायला सांगितलंय. वेळ कमी म्हणून आम्ही पोड अभ्यासातून वगळला. त्या दिवशी तो व्यवहारी निर्णय वाटला. आज मला तो सगळ्यात जास्त खुपतो, कारण पोडावरची बरीच माणसं त्याच वावरांत मजुरीने पंप उचलतात.

सँपल साइजची गंमत नाही, रडारड झाली. ४ पी क्यू भागिले एल वर्ग हा फॉर्म्युला सगळ्यांना पाठ असतो, पी म्हणजे अपेक्षित प्रमाण, क्यू म्हणजे शंभरातलं उरलेलं, पण एल म्हणजे उत्तर किती इकडे-तिकडे झालेलं चालेल, हे कोणी विचारत नाही. तिने एका पेपरमधून प्रमाण २० टक्के घेतलं आणि एल त्याच्या १० टक्के, म्हणजे २. उत्तर १६००. अख्ख्या गावात एवढे फवारणारे नाहीत. सरांनी प्रमाण ५० आणि एल सरळ १० धरायला सांगितलं, उत्तर १००, वर न भेटणाऱ्यांसाठी १० धरले. पण लगेच हेही तिच्याकडून वहीत लिहून घेतलं की याचा अर्थ आपलं उत्तर ५० टक्के आलं तर खरं उत्तर ४० ते ६० च्या मध्ये कुठेही असू शकतं, आणि हे रिपोर्टमध्ये लपवायचं नाही.

मग प्रश्नावली. शेजारच्या गावात दहा जणांवर आधी करून बघितली आणि निम्मी बदलावी लागली. आमच्याकडे कीटकनाशकाला 'औषध' म्हणतात. "तुम्ही कोणतं औषध वापरता?" असं विचारल्यावर एक आजोबा आत जाऊन बीपीच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन आले. त्याहून महत्त्वाचं, "कधी विषबाधा झाली का?" या प्रश्नाला दहाच्या दहा जण नाही म्हणाले. २०१७ नंतर या शब्दाला पोलीस, पंचनामा, पेपरात नाव असं सगळं चिकटलंय. तोच प्रश्न "फवारून आल्यावर गरगरते का, मळमळ होते का, डोळ्याले अंधारी येते का" असा केला तर माणसं स्वतःहून बोलायला लागली. डब्यावरच्या त्रिकोणाचंही तसंच, 'तीव्रता' विचारून उपयोग नाही, लाल, पिवळा, निळा, हिरवा असे रंगीत त्रिकोण कागदावर छापून नेले आणि यातला सगळ्यात जहाल कोणता ते बोट ठेवून दाखवा म्हटलं.

सुरुवातीला ती कॉलेजच्या गाडीने सकाळी अकराला जायची. घरी फक्त म्हातारी आणि लहान पोरं. म्हणून तिने वावरात जाऊनच विचारायला सुरुवात केली आणि तीन दिवसांत १४ फॉर्म भरून आणले. सगळे स्वच्छ. सगळ्यांकडे हातमोजे, सगळ्यांच्या तोंडाला मास्क, सगळं मालक देतात. ते फॉर्म बघितल्यावर मी तिला एकच विचारलं, "मालक कुठे उभा होता?" बांधावरच उभा होता.

हा दुसरा मोठा क्षण, आणि इथे आमचं एकमत नव्हतं. सरांचं म्हणणं, ठेवा, रिपोर्टमध्ये अभ्यासाच्या मर्यादांमध्ये लिहा, फेकले तर सँपल कमी होईल. तिचं म्हणणं, हे फेकून द्या. मला वाटत होतं की त्या माणसांचा वेळ आपण घेतलाय, न विचारता फेकणंही बरोबर नाही. शेवटी कमिटीला पत्र देऊन कळवलं की मुलाखत यापुढे घरीच, एकट्यात होईल, आणि त्या १४ जणांना परत भेटून नव्याने परवानगी मागायची. ९ जण तयार झाले. घरी ओसरीवर बसल्यावर त्यातल्या एकाने हसून सांगितलं, "हातमोजे कायचे मॅडम, तवा मालक होता ना तिथं." उरलेल्या ५ जणांचे फॉर्म काढून टाकले.

घरी म्हणजे संध्याकाळी, आणि शेवटची एसटी साडेसातची. एकट्या मुलीला पाठवणं शक्य नव्हतं, म्हणून मी जायला लागले, आणि गावातल्या आशाताईंनी तर आमच्यासाठी स्वतःचा स्वयंपाक मागे ठेवून फिरणं केलं. त्यांच्याशिवाय एकही दार उघडलं नसतं.

मधेच घडलेलं

पोळा झाल्यानंतरचा आठवडा. एका घरी फॉर्मचं पहिलं पान चालू होतं, तो तिशीतला माणूस नुकताच वावरातून आलेला, अंगावर तेच ओले कपडे. उत्तर देता देता थांबला, घामाने डबडबलेला, तोंडाला सारखं पाणी सुटत होतं, "दिसून नाई राह्यलं बरोबर" म्हणाला आणि ओकला. तिने पेन खाली ठेवला, मोबाईलचा टॉर्च त्याच्या डोळ्यात मारला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅम, बाहुल्या पिनपॉइंट आहेत." फार्माकोलॉजीत ऑर्गनोफॉस्फरस कीटकनाशकांची विषबाधा दोनच महिन्यांपूर्वी झालेली.

कपडे काढले, साबणाने अंग धुवून काढलं, ते करताना हाताला पिशव्या गुंडाळल्या कारण तेच औषध आपल्याही कातडीतून जातं, शेजाऱ्याची गाडी काढली आणि पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथे ॲट्रोपिन, म्हणजे या विषावरचा उतारा, होतं, डॉक्टर हजर होते, तिथून पुढे रेफर झाला. वाचला. कोणतं औषध होतं ते कळावं म्हणून तिने निघताना बांधावरचा डबा पिशवीत घालून सोबत घेतला होता, हे मला सुचलं नव्हतं.

नंतर प्रश्न उरला त्या अर्धवट फॉर्मचा. तिने तो फाडला. बरोबर केलं असं मला वाटतं, कारण ज्या माणसाला आपण उचलून नेलं त्याच्याकडून नंतर 'हो' मिळवणं म्हणजे उपकाराची परतफेड घेणं. पण बारा-तेरा दिवसांनी तोच माणूस आशाताईंकडे आला. म्हणाला, "माह्यं नाव नको लिहू, पण मले मोज." मग माहितीपत्रक पहिल्यापासून वाचून दाखवलं, नवी सही घेतली आणि नवा फॉर्म भरला.

आमच्या प्रोटोकॉलमध्ये कोणी मुलाखतीत आजारी निघाला तर काय करायचं, याबद्दल एक ओळसुद्धा नव्हती. फवारणीच्या हंगामात, फवारणाऱ्यांकडे, फवारणीच्या दिवशी जाणार होतो आणि हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. मी सीनियर होते, ती जबाबदारी माझी होती.

काय झालं

११० ठरवले होते, हातात ९७ फॉर्म आले. निष्कर्षाचे आकडे मी इथे देत नाहीये कारण ते एका गावाचे आहेत आणि असे आकडे उचलून जिल्ह्याचे म्हणून फिरवले जातात. एवढं सांगते की लाल त्रिकोण ओळखणारे आम्हाला वाटलं त्यापेक्षा जास्त निघाले, म्हणजे माहिती नाही म्हणून काळजी घेत नाहीत हे आमचं गृहीत चुकलं. दुपारच्या उन्हात आणि दमट हवेत रबरी मोजे आणि मास्क घालून पाठीवर पंप घेऊन चालवत नाही, आणि दिवसाची मजुरी पंपांवर मोजली जाते, जेवढे जास्त पंप तेवढे पैसे. अशा माणसाला जनजागृतीचं पोस्टर देऊन काय होणार?

पेपरचं सांगायचं तर, डेटा तयार झाल्याची कुणकुण लागताच डिपार्टमेंटबाहेरच्या एका वरिष्ठांनी आपलं नाव टाकायला सांगितलं. अभ्यासाशी संबंध शून्य. मुलगी घाबरली, कारण प्रॅक्टिकलला परीक्षक म्हणून कोण बसेल याची धास्ती. सरांनी आयसीएमजेईच्या (वैद्यकीय जर्नलच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती) चारही अटींचा कागद प्रिंट काढून ठेवला: कामात खरा वाटा, लिखाणात वाटा, अंतिम मसुद्याला मान्यता आणि कामाची जबाबदारी, चारही पूर्ण असतील तरच लेखक. आणि "मी बोलतो, तू मध्ये पडू नको" म्हणाले. नाव गेलं नाही. त्या वरिष्ठांनी काही महिने सरांशी बोलणं टाकलं, एवढी किंमत त्यांनी मोजली आणि विद्यार्थिनीला ती कळू दिली नाही. मोठ्या नावाचा गाईड की वेळ देणारा गाईड, याचं उत्तर मला तिथे मिळालं.

तिला मधल्या काळात पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलचे ईमेल यायला लागले होते, ७२ तासांत ॲक्सेप्टन्स, फी भरा. तिने एक मला दाखवला, डोळ्यात आशा होती. मी नको म्हटलं. राज्य पातळीवरच्या एका कॉन्फरन्सला पोस्टर झालं. पेपर एका जर्नलमधून परत आला, रिव्ह्यूअरचे शेरे कडक पण कामाचे होते, ती आता इंटर्नशिपमध्ये रात्रपाळी सांभाळून तो दुरुस्त करतेय. एसटीएस तिला मिळालीच नाही. स्टायपेंडही नाही.

आज परत करायचं तर

एथिक्स कमिटीला अर्ज प्रपोजलसोबतच करायचा, निकालाची वाट बघायची नाही, त्यात आमचा हंगामाचा महिना गेला. मुलाखत कुठे आणि कोणासमोर घ्यायची हे प्रोटोकॉलमध्ये लिहायचं. आजारी माणूस भेटला तर कोणाला फोन, कोणती गाडी, जवळच्या पीएचसीत ॲट्रोपिन आहे का, हे गावात पाय ठेवायच्या आधी बघायचं. पोड वगळायचा नाही, कोलामी बोलणारी एखादी व्यक्ती सोबत घेऊन महिनाभर उशीर झाला तरी चालेल.

आणि एक गोष्ट जी आम्हाला कोणालाच दिसली नाही. रिपोर्ट झाल्यावर तिने हट्ट धरला की गावाला सांगायचं. ग्रामसभेत पंधरा मिनिटं मिळाली. तिने रंगीत त्रिकोणांचा कागद भिंतीला चिकटवला, वऱ्हाडीत सगळं सांगितलं, पुरुष माना हलवत होते. मागे बसलेली एक बाई उठली, पन्नाशीची असेल, म्हणाली, "बाई, पानी आमी आनतो, औषध ड्रममंदी आमी कालवतो, त्यायचे कपडे आमी धुतो. मंग आमाले काहून नाई इचारलं?"

आमचा अभ्यासात घ्यायचा निकष होता, 'गेल्या हंगामात स्वतः पंपाने फवारणी केलेली व्यक्ती'. ९७ मध्ये एकही बाई नव्हती. आणि तिची स्वतःची आई घरी तेच कपडे धुते.

ती तिथेच वही काढून त्या बाईजवळ जाऊन बसली. यंदा फर्स्ट इयर संपवून आलेली एक मुलगी त्याच गावातल्या बायकांसाठी प्रश्नावली बनवतेय, आणि तिच्यासोबत बसायला ही इंटर्न रविवारी डिपार्टमेंटला येते. पहिला प्रश्न कपडे धुण्याच्या पाण्याचा आहे, ते कुठे ओतता.